परत गेलेल्या माणसांचा अभ्यास

हवालदारबाईंनी चाळिशी ओलांडल्यावर विद्यापीठात नाव घातलं. ठाण्यात ही बातमी पसरली तेव्हा पहिलं तोंड उघडलं ते गाडीच्या ड्रायव्हरनं. "पोलिसांचा अभ्यास? अहो ताई, माशाच्या पोराला पोहायला कोण शिकवतं?"

सगळे खो खो हसले. हवालदारबाईही हसल्या. मग म्हणाल्या, "मासा पोहतो रे झकास. पण जाळ्यात सापडतो तोही मासाच."

खरं सांगायचं तर नाव घालायचं असं त्यांनी कधी ठरवलेलं नव्हतं. विद्यापीठात पोरांनी फी वाढीवरून संप केला होता आणि बाईंना फाटकावर बंदोबस्ताला उभं केलं होतं. पोरं घोषणा देऊन दमली, सावलीत जाऊन बसली. बाईंना करायला काही उरलं नाही. शेजारी सूचनांचा फळा होता, तो त्या वाचत बसल्या. त्यावर एक कागद होता: समाजशास्त्राची पदवी, विशेष विषय पोलीस आणि समाज, वर्ग संध्याकाळी, वयाची अट नाही. बाईंनी तो दोनदा वाचला. इतकी वर्षं नोकरी केली, बारा गावचं पाणी प्यायलो, आणि आपल्यावर कुणी अभ्यासक्रम काढलाय याचा आपल्याला पत्ताच नाही! काय शिकवतात तरी काय आपल्याबद्दल? काठी काखेत धरून त्यांनी प्रवेशाची तारीख तळहातावर लिहून घेतली.

नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं मशीन. त्यानं पाय न थांबवता ऐकून घेतलं आणि म्हणाला, "घाल नाव. पण पास हो. नापास झालीस तर गिऱ्हाइकं मला विचारतील."

लेकीला मात्र धक्काच बसला. ती बारावीत होती. "आई, पुढच्या वर्षी मी तिथेच येणार आहे. कॅन्टीनमध्ये मला ओळख दाखवायची नाही हं."

"तू काही गुन्हा केला नाहीस तर नाही दाखवणार," बाई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी ड्युटी लांबली म्हणून त्या गणवेशातच वर्गात शिरल्या. वर्ग एकदम चिडीचूप. मागच्या बाकावरच्या पोरानं हातातलं काहीतरी खिशात सारलं, एका मुलीनं बाकावर टाकलेले पाय खाली घेतले. बाई सरळ पहिल्या बाकावर जाऊन बसल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "बसा रे आरामात. मी पण फी भरूनच आलेय."

शिकवणाऱ्या मॅडम वयानं बाईंपेक्षा लहान होत्या, अंगानं काटकुळ्या, पण जिभेला धार. त्यांनी विचारलं, "पोलीस काय करतात?" बाईंनी हात वर केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "कायदा आणि सुव्यवस्था राखतात."

"ते पाटीवर लिहिलेलं असतं," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही काल दिवसभर काय केलंत?"

बाई आठवू लागल्या. नळावरून भांडणाऱ्या दोन जावांना वेगळं केलं. हरवलेलं एक पोर आईच्या ताब्यात दिलं. दारू पिऊन गटारात पडलेल्या माणसाला उचलून दवाखान्यात टाकलं. मग कागद लिहिले.

"आणि चोर किती पकडले?"

"काल? एकही नाही."

"परवा?"

बाईंनी बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिली. वर्ग हसला, पण मॅडम हसल्या नाहीत. "मग तुमच्या कामाला नक्की काय म्हणायचं, हे आपल्याला शोधायचंय," त्या म्हणाल्या. घरी जाताना बाईंचं डोकं भणभणत होतं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना एकाही साहेबानं विचारला नव्हता.

पहिला निबंध आला. एखाद्या सार्वजनिक जागेचं निरीक्षण करून लिहायचं होतं. निरीक्षण म्हणजे आपल्या हातचा मळ, असं समजून बाईंनी एका बैठकीत लिहून टाकला. "सदर चौकात समक्ष जाऊन पाहणी केली असता, पूर्वेस एक लाकडी बाकडे असून, त्यावर अंदाजे साठ वर्षे वयाचा एक इसम संशयास्पदरीत्या शेंगा खात असताना मिळून आला." असं तीन पानं. मॅडमनी निबंध परत दिला तेव्हा सगळ्या पानांवर मिळून एकच शेरा होता: शेंगा खाण्यात संशयास्पद काय?

बाईंना राग आला. तो निबंध त्यांनी नवऱ्याला वाचून दाखवला. नवरा हसून हसून मशीनवर आडवा झाला. "अगं, माझ्याबद्दल लिहिलं असतंस तर मला फाशीच झाली असती!" रागाच्या जागी बाईंनाही हसू फुटलं. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्या म्हाताऱ्यात खरंच काय दिसलं होतं आपल्याला? कपडे मळके होते, एवढंच. पुढचा निबंध त्यांनी चार वेळा लिहिला. जिथं जिथं 'इसम' आला तिथं 'माणूस' केला, आणि जिथं 'संशयास्पद' आला तिथं थांबून स्वतःला विचारलं, का? लिखाण हळूहळू माणसात आलं.

वर्गातली पोरं आधी त्यांना बिचकायची. मग 'ताई, पोलिसांनी मोबाइल मागितला तर द्यायचा का?' असले प्रश्न विचारायला लागली, आणि परीक्षा जवळ आल्यावर तर बाईंच्या टिपणांसाठी मागेपुढे फिरू लागली. इकडे ठाण्यात त्यांचं नाव 'मास्तरीण' पडलं. बाईंनी दोन्हीकडचं हसतमुखानं घेतलं.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प करायचा होता. ज्याला त्याला मोठमोठे विषय सुचत होते. बाईंनी मात्र आपल्या ठाण्याची पायरी निवडली. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर त्या कितीतरी वर्षं बसल्या होत्या. तिथून त्यांना नेहमी दिसायचं, की काही माणसं दारापर्यंत येतात, आत डोकावतात, घुटमळतात आणि निघून जातात. आत येऊन तक्रार देईल त्याची नोंद होते. परत जातो त्याचं काय? तो कोण, कशासाठी आला होता, का गेला?

मॅडम खुर्चीतून उठल्याच. "हेच करा! पण तीन गोष्टी पाळायच्या. अंगावर गणवेश नको. मी पोलीस आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. ते लपवलंत तर त्याला संशोधन म्हणत नाहीत, पाळत म्हणतात. आणि जे सांगतील त्यांचं नाव कुणालाही द्यायचं नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही."

साहेबांनी परवानगी दिली. साहेब तसा माणूस चांगला, पण कायम घाईत. "करा, करा. ड्युटी सांभाळून करा म्हणजे झालं."

सुट्टीच्या दिवशी दुपारी बाई साध्या कपड्यांत ठाण्यातल्या बाकड्यावर जाऊन बसायला लागल्या. बाकडं तेच, भिंत तीच, पण इकडच्या बाजूनं त्यांनी आपलं टेबल कधी पाहिलंच नव्हतं. टेबल उंचावर, त्यामागे दिवा, त्यामुळे बसलेल्याचा चेहरा दिसतच नाही. बोलणाऱ्याला मान वर करून बोलावं लागतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे टेबलाशी कुणी शिंकलं तरी बाकड्यावर ऐकू येतं. "काय? नवरा काय करतो? मोठ्यानं बोला!" टेबलावरचा पोलीस ओरडायचा आणि बाकड्यावरच्या सगळ्या माना एकदम तिकडे वळायच्या. ओरडणाऱ्याचा आवाज ओळखीचा होता. दुसऱ्याचा असला तरी तो आपलाच होता, हे बाईंना कळत होतं.

कुणी पायरीवरून मागं फिरलं, की बाई उठून त्याच्यामागे जायच्या. "मी इथली हवालदार आहे, पण आत्ता विद्यार्थिनी म्हणून विचारतेय," अशी सुरुवात. बरेच जण काढता पाय घ्यायचे. "काही नाही हो, रस्ता चुकलो." एकानं त्यांना सरळ वेड्यात काढलं. एका आजोबांनी मात्र शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल असं काही चऱ्हाट लावलं, की बाईंनाच रस्ता चुकल्यासारखं झालं. पण चिकाटीला फळ येतं. हळूहळू माणसं बोलू लागली.

त्यातलीच एक किल्लीवाली. बाजाराच्या तोंडाशी तिची टपरी होती. पाठीमागे खिळ्यांवर शेकडो कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, पुढे किल्ल्या घासायचं छोटं मशीन. नवरा गेल्यावर धंदा तिनंच पुढे चालवला होता. ती दोनदा ठाण्याच्या पायरीवर येऊन परत गेली होती. बाई तिच्या टपरीत स्टुलावर बसल्या, नाव कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं, तेव्हा ती बोलली.

"एक माणूस येतो. साबणाच्या वडीत किल्लीचा ठसा उमटवून आणतो. म्हणतो, अशी किल्ली करून दे. मला काय कळत नाही होय? घराची किल्ली हरवली तर माणूस कुलूप घेऊन येतो, साबण घेऊन नाही येत."

"मग? करून दिलीस?"

"छे! मशीन बिघडलंय म्हणते. मग लांबून कुठून तरी करून आणतो, तरी फिरून माझ्याकडेच येतो. पण किती दिवस बिघडेल? परवा म्हणाला, टपरी लाकडाची आहे तुझी, जपून राहा."

"अगं, मग आत का नाही आलीस?"

"आत बाकड्यावर माझ्याच बाजारातली चार माणसं बसली होती. तिथं मोठ्यानं सांगू? संध्याकाळपर्यंत त्याच्या कानावर गेलं असतं."

बाईंनी तिला तक्रार देण्याबद्दल परोपरीनं सांगितलं. ती मान हलवत राहिली. वचन दिलेलं होतं, बाई उठून आल्या.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. गावात घरफोड्या होत होत्या आणि कुलपं मात्र शाबूत होती. "किल्ल्या बनवून चोरी करतायत," साहेब म्हणाले. "कुणाच्या कानावर काही आलंय?"

कुणी काही बोलेना. बाईही बोलल्या नाहीत, आणि तिथंच त्या सापडल्या. एरवी साहेबांनी प्रश्न विचारला की पहिलं उत्तर बाईंचं असायचं. साहेबांनी बाकीच्यांना बाहेर काढलं.

"मास्तरीणबाई, तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे."

"आहे, साहेब. पण ज्यानं सांगितलं त्याचं नाव देणार नाही असं मी वचन दिलंय."

"वचन?" साहेबांचा आवाज चढला. "लोकांची घरं साफ होतायत आणि तुम्ही मला कॉलेजातलं वचन सांगता? हुकूम म्हणून विचारतोय. नाव?"

बाईंचे पाय नेहमीप्रमाणे सावधानमध्ये जुळले होते. हुकूम म्हटल्यावर आतापर्यंत त्यांच्या तोंडून एकच शब्द निघत आला होता. पण त्या म्हणाल्या, "मला उद्या दुपारपर्यंत वेळ द्या, साहेब. तोपर्यंत नाही जमलं तर काय कारवाई करायची ती करा."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "उद्या दुपार," ते म्हणाले. "त्यापुढे एक मिनिट नाही."

बाई तडक मॅडमकडे गेल्या. त्यांना वाटलं होतं, मॅडम म्हणतील वचन मोडायचं नाही, बस. किंवा म्हणतील, जाऊ द्या, तुम्ही आधी पोलीस. मॅडमनी दोन्ही म्हटलं नाही. त्यांचाही चेहरा उतरला होता. "अशी वेळ माझ्या एकाही विद्यार्थ्यावर आली नाही," त्या म्हणाल्या. "पण हे बघा, वचन तुम्ही साहेबांना दिलेलं नाही, मलाही नाही. तिला दिलंय. सोडवायचं तर तीच सोडवेल. जा, जे झालं ते तिला जसंच्या तसं सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई टपरीवर गेल्या. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं: घरफोड्या, साहेब, दुपारची मुदत. किल्लीवालीचा चेहरा कठीण झाला. हातातली किल्ली तिनं खळकन डब्यात टाकली.

"म्हणजे शेवटी तुम्ही पोलीसच."

"पोलीसच आहे," बाई म्हणाल्या. "पहिल्या वाक्यात सांगितलं होतं तुला. नुसती पोलीस असते तर आत्ता दारात गाडी उभी असती. तुझं नाव अजून माझ्या तोंडातून निघालेलं नाही, आणि तू नाही म्हणालीस तर निघणारही नाही. साहेब माझं काय करायचं ते करतील. पण तो साबणवाला पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा तू एकटी असशील. याचा विचार कर."

किल्लीवाली मशीनकडे वळली. एक गिऱ्हाईक आलं, तिनं त्याला किल्ली करून दिली. दुसरं आलं. बाई स्टुलावर बसून राहिल्या. काही बोलायचं नाही, वाट बघायची, हेही त्या विद्यापीठातच शिकल्या होत्या. पोलिसात गप्प बसलेल्याला दुसरा प्रश्न विचारतात.

अखेर किल्लीवाली म्हणाली, "मी ठाण्यात येणार नाही. तुमच्या साहेबांना इथं यायला सांगा. गिऱ्हाईक म्हणून. आणि एकटं."

हा निरोप ऐकून साहेबांनी कपाळाला हात लावला. पण गेले. साध्या शर्टात, हातात घरच्या कपाटाची किल्ली घेऊन. टपरीसमोर चारचौघांसारखे उभे राहिले. किल्लीवालीनं मशीन सुरू केलं. त्या कर्कश घरघरीत शेजारच्याला स्वतःचा आवाज ऐकू आला नसता. मान खाली घालून, किल्ली घासता घासता तिनं साहेबांना सगळं सांगितलं. माणूस कसा दिसतो, कधी येतो, कुठल्या बाजूनं जातो. साहेब ऐकायला वाकले होते. बघणाऱ्याला वाटलं असेल, हा बाबा किल्लीच्या दात्यांची फारच काळजी करतोय.

चार दिवसांत तो माणूस साबणाच्या वडीसकट सापडला, बाजारापासून लांब, दुसऱ्याच रस्त्यावर. किल्लीवालीचं नाव कुठल्याही कागदावर आलं नाही. साहेबांच्या कपाटाला मात्र ती नवी किल्ली लागेना. बाई बदलून आणायला गेल्या, तर ती म्हणाली, "माझा हात थरथरत होता हो. साहेब कसला घाम गाळत होते! ते बघून मला आणखीच भीती वाटली." दोघी हसत सुटल्या.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. जाड चष्मा, कोरडा आवाज. प्रकल्प चाळत त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः पोलीस. लोकांनी तुम्हाला खरं सांगितलं, असं तुम्ही कशावरून म्हणता?"

मॅडम खुर्चीत जरा पुढे सरकल्या. बाई मात्र शांत होत्या. "सगळ्यांनी खरं सांगितलं असं मी म्हणतच नाही, सर. बऱ्याच जणांनी मला रस्ता चुकलो म्हणून सांगितलं. एवढी माणसं आमच्या पायरीवर येऊन रस्ता चुकतात, हेसुद्धा मी लिहिलंय. त्याला वेगळं प्रकरण आहे."

परीक्षकांनी ते प्रकरण उघडलं, वाचलं, आणि इतका वेळ वाचत राहिले की पुढच्या विद्यार्थ्यानं दार उघडून आत डोकावलं. मग त्यांनी आणखी बरेच खोचक प्रश्न विचारले. दोन प्रश्नांची उत्तरं बाईंना आली नाहीत. "हे मला माहीत नाही, वाचीन," असं त्यांनी सांगून टाकलं. पहिला वर्ग थोडक्यात हुकला. नवऱ्यानं गुणपत्रिका दुकानाच्या भिंतीवर लावली, आणि लेक, जी तोवर तिथंच दुसऱ्या वर्षाला होती, ती मैत्रिणींना घेऊन कॅन्टीनमध्ये बाईंना शोधत आली.

साहेबांनी प्रकल्प शेवटपर्यंत वाचला. त्यांनी टेबल खाली आणलं आणि ठाण्यातली मागची छोटी खोली रिकामी करून दिली. तिथं दोन खुर्च्या आणि बंद होणारं दार. बोलायला आलेल्या माणसाला आधी तिथं न्यायचं. सगळंच काही सुरळीत झालं असं नाही. जप्त केलेल्या सायकली ठेवायला जागा नसली, की पोलीस त्या हळूच त्या खोलीत ढकलायचे आणि बाई पुन्हा बाहेर काढायच्या. पायरीवरून परत जाणारी माणसंही संपली नाहीत, कमी झाली. किती कमी झाली ते बाई अजून मोजतात.

मग साहेबांची बदली झाली. नवे साहेब तरुण, कडक इस्त्रीचे. पहिल्याच फेरीत त्यांनी ती खोली पाहिली. "ही चांगली जागा दोन खुर्च्यांसाठी? इथं मुद्देमाल ठेवा."

बाईंनी प्रकल्पाची एक प्रत आणून त्यांच्या टेबलावर ठेवली. दोन दिवसांनी साहेबांनी बोलावलं.

"बाई, त्या खोलीचं काय झालं? अजून रिकामी नाही केली?"

"साहेब, वाचलंत का ते?"

"सवड कुठं मिळते? पहिली दोन पानं वाचली."

"हळूहळू वाचा, साहेब. घाई नाही," हवालदारबाई म्हणाल्या. "तुमचं वाचून होईपर्यंत खोली आहे तशीच असू दे." आणि सॅल्यूट ठोकून त्या बाहेर आल्या. पायरीवर एक माणूस घुटमळत उभा होता.